ड्रायव्हर कोणी बदलला?

आमच्या आणि काकाजींच्या घरामधलं कुंपण बेशरमाचं आहे. झाडाचं नाव सांगतेय, आमचा स्वभाव नाही. तरी रोज सकाळी सातला त्याच्या दोन्ही अंगांना उभं राहून आम्ही जे काही बोलतो, ते ऐकणाऱ्याला हे नाव नेमकं कुणाला शोभतं असा प्रश्न पडत असणार. इकडे मी, हातात चहाचा कप. तिकडे काकू, सांदवाडीतला सांबार खुडत. (कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो, पुण्याच्या पाहुण्यांनी सोबत इडली शोधू नये.) आणि काकूंच्या मागे बाजेवर पेपर घेऊन काकाजी. आपण ऐकतच नाही असं दाखवायचं आणि एक शब्द सुटू द्यायचा नाही, ही त्यांची जुनी खोड.

काकाजी एसटीच्या साकोली आगारातून ड्रायव्हर म्हणून रिटायर झाले. मी समोरच्या खोलीत डिझाइनचं काम करते. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, वाढदिवसाचे फ्लेक्स, आणि दिवाळी झाली की नाटकांची पोस्टरं. दिवाळीनंतर आमच्या भागात मंडया भरतात. ही मंडई भाजीची नव्हे. एकेका गावाची जत्राच ती: दिवसा दंडारीचे लोकखेळ, पाळणे, मिठाईची दुकानं, घरोघर पाहुणे, आणि रात्री नाटक. झाडीपट्टीचं नाटक रात्री उभं राहतं ते पहाटेच पडदा टाकतं. नाटक कंपन्यांची ऑफिसं तिकडे गडचिरोली जिल्ह्यात वडसा-देसाईगंजला, आणि प्रेक्षक भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चारही जिल्ह्यांच्या गावागावांत. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बाकी महाराष्ट्राला या रंगभूमीची आठवण झाली. आम्हाला ती दरवर्षी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी होते, कारण त्या दिवसापासून माझ्या दाराशी मंडळांचे अध्यक्ष येऊन बसतात.

तर गेल्या दिवाळीनंतरची ही गोष्ट. सकाळी काकूंनी पहिला चेंडू टाकला.

"काय वो सूनबाई, रातभर तुह्या दुकानाचा लाइट चालू होता. भांडन झालं का नवऱ्याशी?"

"नाही काकू, कॉम्प्युटरशी झालं."

"म्हनजे बंद पडला?"

"बंद पडला असता तर बरं झालं असतं. हळू चालून राहिला."

"हरू चालते म्हनजे चालते तं खरं," काकू म्हणाल्या. झाडीबोलीत ळ ला जागा नाही, त्यामुळे आमच्या काकूंचं सगळं हरूच चालतं. आणि चालतं आहे म्हटल्यावर त्यांचं माझ्या दुःखातलं लक्ष संपलं. त्या नाटकाकडे वळल्या. यंदा कुठली नटी कुठल्या कंपनीत गेली, कुणाचं कुणाशी बिनसलं, पलीकडच्या गावच्या मंडळानं दोन कंपन्यांना एकाच तारखेचा शब्द कसा दिला, असा ताजा माल सुरू झाला. एरवी मी सांबार विसरून ऐकलं असतं. त्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर फक्त एक बाण फिरत होता. मी माउस हलवत होते आणि बाण सेकंदभरानं मागून येत होता, सासरी निघालेल्या पोरीसारखा.

तेव्हा मला एक गोष्ट पहिल्यांदा कळली. बंद पडलेल्या यंत्राला माणसं असतात. गाडी बंद पडली की चार जण धक्का मारायला उतरतात, कुणी पाणी आणून देतो, कुणी पाना. हळू चालणाऱ्या गाडीला मात्र मागचे फक्त हॉर्न मारतात. घरचे म्हणतात, तूच दमलीस. गिऱ्हाईक म्हणतं, ताई, काल म्हणाला होता होऊन जाईल. आणि तिसऱ्या दिवशी आपल्यालाही वाटायला लागतं की वय झालं, हातच मंदावला.

हाताचं काम काय होतं ते सांगते, म्हणजे कळेल. दहा बाय सहा फुटांचं पोस्टर. चौदा कलावंत. चौदाही चेहरे सारख्या मापाचे हवेत, नाहीतर कंपनीत महाभारत. नायिकेचे केस मोकळे, वाऱ्यावर उडालेले, आणि मागची पार्श्वभूमी कापून तिला जळत्या वाड्यासमोर उभी करायची. एकेक बट ब्रशनं सोडवावी लागते. वर दोन ओळींत नाटकाचं नाव, अक्षरांतून रक्त गळतंय असं. खाली सौजन्याची पट्टी. आणि कोपऱ्यात अध्यक्षांचा फोटो, जो ते दर फेरीला बोटानं दाखवून 'थोडासा' मोठा करायला सांगतात.

एवढा फ्लेक्स इंचाला शंभर ठिपके धरून बनवला तर आडवे बारा हजार आणि उभे सात हजार दोनशे ठिपके होतात. गुणाकार केला तर आठ कोटी चौसष्ट लाख. छपाईचे रंग चार, म्हणून प्रत्येक ठिपक्यामागे चार बाइट. म्हणजे पूर्ण भरलेला एकेक थर साधारण साडेतीनशे एमबीचा, आणि असे थर माझ्या फाइलमध्ये वीस-पंचवीस तरी असतात. ही सगळी रास पडद्यावर क्षणाक्षणाला हलवून दाखवायचं काम असतं ग्राफिक कार्डाचं. ते नीट चाललं तर बट कापताना जाणवतही नाही. बिघडलं तर बट कापून होते, पण ती दिसते चहा पिऊन आल्यावर.

"पन केलं काय होतं त्याले?" पेपर खाली न घेता काकाजींनी विचारलं.

"काही नाही केलं, काकाजी."

आता पेपर खाली आला. "सूनबाई, बिघडलेली गाडी आननारा हरेक मानूस पयलं वाक्य हेच बोलते. काही नाई केलं. मी बी वर्कशॉपमध्ये हेच सांगत होतो. शेवटचा हात कोनाचा लागला, ते सांग."

मी जरा घुटमळले, कारण शेवटचा हात माझ्या नणंदेच्या मुलाचा होता. भाऊबीजेला नणंदबाई आल्या, सोबत भाचा. नागपूरला इंजिनिअरिंगला आहे, हुशार आहे, मनानं चांगला आहे, आणि दुसऱ्याच्या कॉम्प्युटरला हात लावल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. "मामी, तुझा ड्रायव्हर किती जुना आहे! बदलून देतो," म्हणाला. मी पुरणपोळ्या लाटत होते. म्हटलं, दे.

"ड्रायव्हर बदलला?" काकाजी बाजेवरून उठून कुंपणापर्यंत आले. "तुह्या दुकानात ड्रायव्हर कोन होता?"

"तुमच्यासारखा नाही हो. कॉम्प्युटरचा ड्रायव्हर म्हणजे मधला माणूस. सॉफ्टवेअर हुकूम सोडते, की इथं लाल रंग दे, हा फोटो डावीकडे घे. कार्डाला ती भाषा समजत नाही. मधे एक छोटा प्रोग्राम असतो, तो त्या हुकमाचं कार्डाच्या भाषेत भाषांतर करतो. प्रिंटरचा वेगळा, पेनचा वेगळा, कार्डाचा वेगळा."

"म्हनजे ड्रायव्हरच," काकाजी म्हणाले. "कंट्रोलर सांगते भंडाऱ्याले जा. गाडीले भंडारा काय मालूम? क्लच किती दाबाचा, तिसरा गिअर कुठं अडते, हे ज्याले मालूम तो ड्रायव्हर. नवा पोरगा बसवला असन. त्याले नवी गाडी येते, तुही जुनी गाडी नाई येत."

खरं सांगते, पुढे दोन दिवस मी जे काही वाचलं आणि ऐकलं, त्यात याहून नेमकं कुणी काही सांगितलं नाही. नव्या ड्रायव्हरात नव्या कार्डांसाठी आणि नव्या खेळांसाठी सुधारणा असतात. पाच-सात वर्षांच्या कार्डावर आणि तेवढ्याच जुन्या सॉफ्टवेअरवर तो कसा बसेल, हे बसवल्यावरच कळतं. काही कार्डांसाठी तर दोन वेगळ्या वाटांचे ड्रायव्हर मिळतात, एक खेळणाऱ्यांसाठी आणि एक डिझाइन-व्हिडिओची कामं करणाऱ्यांसाठी. भाच्यानं अर्थातच स्वतःच्या सवयीचा घातला होता.

पण काकाजींकडे यायच्या आधी मी गावभर सल्ला घेऊन झाले होते. मोबाइलच्या दुकानातला पोरगा म्हणाला, फॉरमॅट मारा. नवरा म्हणाला, हप्त्यावर नवीन घे. प्रेसवाले भाऊ म्हणाले, रॅम वाढवा. कुणी म्हणालं, नजर लागली, लिंबू-मिरची बांध. मी फॉरमॅट सोडून बरंच काही करून पाहिलं होतं, लिंबासकट. चाळीस फॉन्ट काढून टाकले. सॉफ्टवेअरला मेमरी वाढवून दिली, मग कमी करून दिली. पाच-सहा ठिकाणच्या खुणा इकडच्या तिकडे केल्या. आता नेमकं काय कशानं झालं याचा मलाच पत्ता राहिला नव्हता.

"हेच चुकलं," काकाजी म्हणाले. "एका टायमाले एकच नट खोलाचा. चार खोलले आनि गाडी चालली, तं कशानं चालली हे कोन सांगन? आनि नाई चालली, तं आता बिघाड चार. जा, कागद आन."

मी एका लग्नपत्रिकेचा चुकलेला प्रूफ आणला. त्याच्या पाठीवर, कुंपणाच्या खांबावर टेकवून, आम्ही यादी केली. एक, ग्राफिक कार्डाचा नवा ड्रायव्हर. दोन, डबा उघडून धूळ फुंकली. तीन, मॉनिटरची वायर काढून परत लावली. चार, घरातल्या वायफाय प्रिंटरचाही नवा ड्रायव्हर टाकला. आणि पाचपासून पुढचे सगळे पराक्रम माझे.

"आधी तुहे पराक्रम परत घे," हुकूम झाला. "मंग पोराचे. आनि गाडी कुठं ओढत नाई ते पाह्य. सपाटीवर का चढावर?"

ही सपाटी-चढाची परीक्षा मला फार उपयोगी पडली. माझे बदल मागे घेतले आणि फक्त पाहत बसले. फोटोची मोठी फाइल उघडायला लागणारा वेळ नेहमीचाच, म्हणजे डिस्क ठीक. व्हिडिओ नीट, इंटरनेट नीट. म्हणजे सगळं मशीन थकलेलं नाही. फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये ब्रश फिरवला, की अडलं. झूम केलं, की अडलं. म्हणजे पडद्यावर चित्र रंगवण्याच्या चढावरच गाडी दम टाकते. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्सच्या पानावर गेले आणि एका हातानं ब्रश फिरवत आकडे पाहिले. प्रोसेसर नव्वदच्या वर. ग्राफिक कार्ड एक टक्का, दोन टक्के, परत एक. झोपलेलं.

हा आकडा कुंपणावर सांगितला तेव्हा काकाजी एवढे हसले की काकू घरातून बाहेर आल्या. "म्हनजे इंजिन थंड आनि पॅसेंजर उतरून धक्का मारून राहिले!"

अगदी तसंच होतं. सॉफ्टवेअर सुरू होताना कार्डाची आणि त्याच्या ड्रायव्हरची एक छोटी परीक्षा घेतं. नवा ड्रायव्हर त्यात अडखळला, तेव्हा सॉफ्टवेअरनं कार्डाचा नाद सोडला आणि सगळं ओझं प्रोसेसरवर टाकलं. तक्रार नाही, पाटी नाही, काही नाही. प्राधान्यांच्या पानात 'ग्राफिक प्रोसेसर वापरा' या ओळीपुढची खूण गेली होती आणि ती ओळ फिकट पडली होती, एवढंच. मी त्या पानावर चार वेळा जाऊन आले होते. फिकट अक्षरं कोण वाचतो?

मॉनिटरची वायर फुकटात तपासता येते म्हणून ती आधी पाहिली. ती मदरबोर्डाच्या भोकात गेली असती, तरी कार्ड असंच रिकामं बसलं असतं. पण नाही, भाच्यानं बरोबर कार्डातच लावली होती. धूळ तर चांगलीच काढली होती. दोन कलमं निर्दोष सुटली.

"मंग जुना ड्रायव्हर परत बोलाव."

विंडोजमध्ये तशी सोय आहे. डिव्हाइस मॅनेजर, त्यात डिस्प्ले अडॅप्टर, त्यात ड्रायव्हरचं पान आणि तिथं 'रोल बॅक'चं बटण. मी मोठ्या आशेनं तिथं गेले. बटणही फिकट. कारण मागचा ड्रायव्हर मशीनमध्ये असेल तरच तो परत येतो, आणि आमच्या हुशार पोरानं 'क्लीन इन्स्टॉल' करून जुन्याची राखसुद्धा ठेवली नव्हती. कंपनीच्या साइटवर जुने ड्रायव्हर होते, पण एक-दोन नव्हे, यादीच्या यादी. माझा कुठला होता? नंबर कुठं लिहून ठेवला होता? कुठंच नाही.

मी कुंपणावर येऊन हताश उभी राहिले. काकाजींनी एकच प्रश्न विचारला. "मागच्या मंडईले गाडी धावली होती ना?"

"धावली होती की. सत्तावीस पोस्टरं केली."

"मंग मागच्या मंडईच्या आधीचा घे."

साइटवर प्रत्येक ड्रायव्हरपुढे तारीख असते. ज्या हंगामात काम बिनघोर झालं, त्याच्या आधीचा पहिला ड्रायव्हर उचलायचा. इतकं सोपं होतं. आणि ते माझ्या डोक्यात आलं नाही, कारण मी नंबर शोधत होते आणि काकाजी हंगाम शोधत होते.

काढणं-घालणं त्या रात्रीच केलं. आधी रिस्टोअर पॉइंट करून ठेवला, म्हणजे बिघडलंच तर आजच्या बिघाडापर्यंत तरी परत येता येईल. जुना ड्रायव्हर उतरवून ठेवला. मशीन सेफ मोडमध्ये सुरू केलं, नवा ड्रायव्हर समूळ काढला. आणि हे करताना इंटरनेट बंद. याचं कारण मी सकाळी काकाजींना सांगितलं होतं: कार्डाला ड्रायव्हर नाही असं दिसलं की विंडोज स्वतःच कुठून तरी एक आणून बसवतं. त्यावर ते म्हणाले होते, "बराबर हाय. एक उतरला आनि दुसरा यायचा हाय, तं मधात चाबी काढून ठेवाची. नाई तं कोनी बी बसते."

मधली पाच मिनिटं मात्र जीव घेणारी होती. ड्रायव्हर नसला की विंडोज स्वतःच्या अगदी साध्या ड्रायव्हरवर पडदा चालवतं. चिन्हं भोपळ्याएवढी झाली. अक्षरं एवढी मोठी की काकूंनी कुंपणावरून वाचली असती. नवरा झोपेतून उठून आला, पाहिलं, आणि "हप्त्याचं विचारू का उद्या?" म्हणून परत झोपला.

मग गेल्या वर्षीचा ड्रायव्हर घातला, मशीन परत सुरू केलं, सॉफ्टवेअर उघडलं. ती फिकट ओळ काळी झाली होती. खूण केली. ब्रश उचलला आणि नायिकेच्या कानामागची एक बट धरली. बट बाणाबरोबर आली. हात थांबला तिथं ती थांबली. टास्क मॅनेजरमध्ये कार्ड तीस टक्क्यांवर, प्रोसेसर निवांत. रात्रीचा दीड वाजला होता आणि शेजारी कुणाला हाक मारावी अशी वेळ नव्हती, नाहीतर मारली असती.

सकाळी मी कुंपणावर पेढे घेऊन गेले आणि दुपारी तोंड पाडून परत गेले. फोटोचं काम पळत होतं, पण अक्षरांचं सॉफ्टवेअर, ज्यात मी पत्रिका आणि पोस्टरची मांडणी करते, ते फाइल उघडताना तसंच गोठत होतं. अर्धा-पाऊण मिनिट नुसतं गोल चक्र.

"हे कसं काय? ड्रायव्हर तर बदलला."

"टायर बदलला म्हनून ब्रेक ठीक होते का? यादी काढ."

यादीत चौथं कलम उरलं होतं. प्रिंटर. मला ते कलम फालतू वाटत होतं, कारण मी छापतच नव्हते. पण छपाईसाठी बनलेली बरीच सॉफ्टवेअरं फाइल उघडताना किंवा नवं पान घेताना नेमून दिलेल्या प्रिंटरला विचारून घेतात: तुझा कागद केवढा, कडा किती सोडायच्या? भाच्यानं वायफाय प्रिंटरचा नवा ड्रायव्हर घातला, आणि त्याबरोबर तोच मुख्य प्रिंटर होऊन बसला. तो प्रिंटर मी वीज वाचवायला बंद ठेवते. सॉफ्टवेअर विचारायचं, पलीकडून उत्तर नाही, मग वाट पाहायची, आणि शेवटी कंटाळून फाइल उघडायची.

"फाटकावरचा मानूस जेवाले गेला," काकाजी म्हणाले, "आनि गाडी आत उभी. चूक गाडीची नाई."

मुख्य प्रिंटर म्हणून 'प्रिंट टू पीडीएफ' नेमला. तो मशीनच्या आतच असतो, जेवायला जात नाही. 'मुख्य प्रिंटर विंडोजला ठरवू द्या' ही खूणही काढली, नाहीतर शेवटी जो वापराल तोच परत डोक्यावर बसतो. फाइल उघडली, ती चटकन. एका मशीनला एकाच दिवशी दोन ड्रायव्हर लागले होते, आणि मी दोघांचा गुन्हा एकावरच घालत होते.

"पोराले चांगलं झापलं पायजे," काकूंनी निकाल दिला.

मी म्हटलं, नको. आठवतं काकू, २०२४ च्या जुलैत, १९ तारखेला, टीव्हीवर विमानतळांची गर्दी दाखवत होते? आपल्या देशात सुद्धा हातानं लिहिलेले बोर्डिंग पास देत होते? तेव्हा क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षेचं काम करणाऱ्या कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगभरातले कॉम्प्युटर निळे पडले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं ८५ लाख मशीनं. आणि ती सुधारायला बऱ्याच ठिकाणी माणसाला एकेका मशीनपुढे बसून, सेफ मोडमध्ये जाऊन, ती फाइल हातानं पुसावी लागली. ज्यांचा धंदाच तो, त्यांचं असं होतं. आमच्या पोरानं तर फक्त मामीचं एक मशीन हळू केलं, तेही प्रेमानं.

"विमानाचं मले आठवते," काकाजी म्हणाले. "त्या दिवशी एसटी चालू होती." १९४८ च्या १ जूनला पुणे-अहमदनगर रस्त्यावर एसटीची पहिली गाडी धावली, तेव्हापासूनची सगळी शान त्या एका वाक्यात होती.

मग ते घरात गेले आणि एलआयसीची एक कोरी डायरी घेऊन आले. "आमी गाडी लावली की दोष लिहून देत होतो. रातच्या मानसाले मालूम झालं पायजे, दिवसा काय झालं. तुहं बी दिवसाचं आनि रातचं मानूस येगयेगरंच हाय. लिहून ठेव."

डायरीत मी चार रकाने आखले. तारीख. काय बदललं. कोणी बदललं. आधी काय होतं. चौथा रकाना सगळ्यांत मोठा ठेवला. कार्डाच्या ड्रायव्हरचा नंबर, प्रिंटरचं नाव, सॉफ्टवेअरच्या खुणा, वायर कुठल्या भोकात, सगळं लिहिलं. चालू असताना लिहिलं, हे महत्त्वाचं. बिघडल्यावर 'आधी काय होतं' हे कुणालाच आठवत नाही; आठवतं ते फक्त 'आधी बरं होतं' एवढंच.

"आनि यापुढं अपडेटच नको करू," काकूंचा सल्ला.

हा सल्ला मात्र काकाजींनीच खोडला. विंडोज दहाची फुकट देखभाल २०२५ च्या १४ ऑक्टोबरला संपली, हे त्यांनी पेपरात वाचलं होतं. सुरक्षेची अपडेटं म्हणजे ब्रेकची तपासणी, ती चुकवायची नाही. ड्रायव्हर बदलणं म्हणजे इंजिन खोलणं. तेही करावं लागतं कधी कधी. "पन हंगामात चालती गाडी खोलत नाई. आनि खोलाची तं नट कुठं ठेवला ते लिहून."

मंडई झाली. पोस्टर फाट्यावर दोन बांबूंच्या मधे ताणून लागलं. रात्री नाटकाला जाताना आम्ही सगळे त्याच्यासमोर थांबलो. नायिकेचे केस उडत होते, वाडा जळत होता, अक्षरांतून रक्त गळत होतं. मी काकाजींच्या तोंडाकडे पाहत राहिले.

"अध्यक्षाचं डोस्कं हीरोपेक्षा मोठं हाय," ते म्हणाले आणि पुढे निघाले.

मग शंकरपटांचे, म्हणजे बैलांच्या शर्यतींचे दिवस आले, त्यांची नाटकं आली, माघातली लग्नं आली. एका सकाळी भाच्याचा फोन आला. "मामी, तुझ्या कार्डाचा नवीन ड्रायव्हर आलाय. इथूनच टाकून देऊ का? दोन मिनिटांचं काम."

फोन कानाला तसाच धरून मी कुंपणाशी गेले. काही बोललेही नाही. काकाजींनी पेपरातून डोकं वर केलं नाही.

"होरी होऊ दे," म्हणाले.

मी घरात आले, डायरी उघडली, तारीख घातली आणि दुसऱ्या रकान्यात लिहिलं: काही नाही केलं. आणि या वेळी ते खरं होतं.